धडक बसलेली जुनी एमजीबी विकताना : किंमत कशी काढावी आणि कागद कसे मार्गी लावावेत

उत्तर नेमके कशाचे आहे ते स्पष्ट राहावे म्हणून तुमच्या पत्रातील हकिकत आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या काकांची १९६७ सालची एमजीबी, म्हणजे उघड्या टपाची दोन आसनी स्पोर्ट्स कार, पाच वर्षांपूर्वी त्र्यंबक रस्त्यावर एका पिकअपची धडक बसून डाव्या पुढच्या कोपऱ्यात चेपली. काकांनी ती नाशिकच्या गंगापूर रोडवरील बंगल्याच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी केली, दुरुस्ती राहून गेली आणि गेल्या वर्षी काका वारले. आता एका दलालाने ती ‘भंगारात जाण्यापेक्षा बरे’ असे म्हणून दीड लाखाला मागितली आहे. अंबडच्या एका गॅरेजवाल्याचे म्हणणे आहे की आधी संपूर्ण डेंटिंग-पेंटिंग करा, मग तिप्पट पैसे येतील. मुंबईचे एक गृहस्थ गाडी न पाहताच व्हॉट्सॲपवर आरसी बुकाचा आणि चेसिस नंबरचा फोटो मागत आहेत. गाडी दुरुस्त करून विकावी की आहे तशी, आणि वाजवी किंमत कोणती, असे तुम्ही विचारता.

मी २५ वर्षांहून अधिक काळ अपघातग्रस्त वाहनांच्या नुकसानीचे मूल्यांकन करत आलो आहे आणि त्यातील बराच काळ जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीतही सल्ला देत आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की गाडी दुरुस्त करू नका, आणि रंग तर मुळीच देऊ नका. ‘आहे तशी’ विका, पण ‘पडली आहे तशी’ विकू नका. या दोन गोष्टींत जे अंतर आहे तेच तुमच्या किमतीतील अंतर आहे.

दुरुस्ती का नको, ते आधी. जुनी गाडी घेणारा जाणता माणूस चकचकीत नव्या रंगाकडे कौतुकाने नव्हे, तर संशयाने पाहतो. पत्रा ठोकून सरळ केला आहे की पुट्टीचा थर लावून गुळगुळीत केला आहे, हे रंगाखाली दिसत नाही, म्हणून तो खिशातून लोहचुंबक काढतो आणि मनातल्या मनात सर्वांत वाईट शक्यता धरून किंमत लावतो. काही वर्षांपूर्वी सिन्नरकडील एका कुटुंबाने धडक बसलेली स्टँडर्ड हेराल्ड विकण्याआधी मोठा खर्च करून रंगवून घेतली. काम करणाऱ्याने वाकलेला भाग सरळ न करता वरून पत्र्याचे ठिगळ वेल्ड केले होते. पहिल्याच जाणत्या गिऱ्हाइकाने बॉनेट उघडले, आतील जोड पाहिला आणि चहा घेऊन निघून गेला. पुढे ती गाडी ज्या किमतीला गेली, तेवढी किंमत न रंगवताही आली असती. माझ्याच सल्ल्याने त्यांनी ते गॅरेज निवडले होते, त्यामुळे ती गोष्ट मी विसरलेलो नाही.

आता ‘पडली आहे तशी’ का नको, ते पाहू. झाकली मूठ सव्वा लाखाची असे आपण म्हणतो, आणि या व्यवहारात ती म्हण अक्षरशः खरी होते, कारण मूठ झाकलेली ठेवली तर सव्वा-दीड लाखच हाती येतात. तुमच्या दलालाने सांगितलेला आकडा म्हणजे गाडीची किंमत नव्हे, तर ताडपत्रीखालच्या अंधाराची किंमत आहे. तो अंधार दूर करणे हेच विकणाऱ्याचे खरे काम, आणि दुरुस्तीच्या मानाने त्याला फारच थोडा खर्च येतो.

एमजीबीच्या बाबतीत काय उघडून पाहायचे, ते सविस्तर सांगतो, कारण सगळा हिशेब त्यावरच उभा राहतो. या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याचे कवच हेच तिचे हाडपेर. पुढचे फेंडर बोल्टने बसवलेले असते, त्यामुळे ते कितीही चेपलेले दिसले तरी त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, ते काढून दुसरे बसवता येते. प्रश्न त्याच्या मागे असतो. डावे चाक काढून आतील पत्रा, इंजिनाच्या बाजूने पुढे जाणारा चौकोनी दांडा आणि ज्या आडव्या क्रॉसमेंबरवर पुढचे संपूर्ण सस्पेन्शन बसलेले असते त्याच्या बैठकीच्या जागा पाहाव्यात. तेथे सुरकुती, तडा किंवा ताजा सुटलेला रंग दिसला, तर धक्का आतपर्यंत पोहोचला आहे. त्यानंतर एका बाजूच्या पुढच्या ठरावीक बोल्टपासून दुसऱ्या बाजूच्या मागच्या बोल्टपर्यंत तिरपे अंतर मोजावे, मग उलट दिशेने मोजावे आणि दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. ते जुळले तर गाडीचा सांगाडा सरळ आहे असे छातीठोक सांगता येते. जुळले नाहीत तर किती मिलिमीटरचा फरक आहे हे सांगता येते, आणि तेही अंदाजापेक्षा बरे.

धडकेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचे म्हणजे दाराखालचे सिल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधली पत्र्याची लांब पेटी. या गाडीत ते तीन थरांचे असून उघड्या टपाच्या गाडीचा सारा भार त्यांच्यावर असतो. बाहेरचा थर चांगला दिसत असला तरी आतला गंजलेला असू शकतो. गाडी मागच्या बाजूने जॅकवर उचलताना दाराच्या मागची वरची फट पाहत राहावी. ती फट मिटत चालली तर सिल थकलेले आहेत असे समजावे. तुमच्या पत्राप्रमाणे गाडी मुंबईहून नाशिकला १९८४ च्या सुमारास आली. नाशिकची हवा मुंबईच्या खारट हवेपेक्षा पत्र्याला बरी मानवते, ही तुमची जमेची बाजू आहे. मात्र पोर्चमध्ये पाच पावसाळे ताडपत्री गाडीला चिकटून राहिली असेल, तर तिच्याखाली धरलेला दमटपणा उघड्यावरच्या पावसापेक्षा वाईट. ताडपत्री आजच काढा.

इंजिनाबाबत एक सक्त सूचना. कोणी उत्साही मेकॅनिक जंपर केबल घेऊन आला, तर त्याला थांबवा. त्या काळच्या एमजीबीत आसनांच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि धन टोक बॉडीला जोडलेले असते, म्हणजे आजच्या गाड्यांच्या नेमके उलट. घाईत उलटी जोडणी झाली तर न बिघडलेल्या वस्तू बिघडतात. आधी टाकीतील शिळे पेट्रोल काढावे, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, एक-दोन दिवस थांबून इंजिन हाताने फिरवून पाहावे. ते मोकळे फिरत असेल तर त्याचा व्हिडिओ काढावा. ‘इंजिन जाम नाही’ या तीन शब्दांनी किमतीत चांगला फरक पडतो. सुरू करण्याचा हट्ट धरू नये. हे १७९८ सीसीचे इंजिन आपल्या जुन्या ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाच्याच घराण्यातले आहे, त्यामुळे नाशिकच्या द्वारका परिसरातील एखाद्या वयस्कर मेकॅनिकला त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही, उलट तोच तुम्हाला चार गोष्टी सांगेल.

चेसिस क्रमांकाचे काय, तेही येथेच सांगतो. या गाडीचा क्रमांक इंजिनाच्या कप्प्यात रिव्हेटने बसवलेल्या एका छोट्या पाटीवर असतो. तुमच्या सालच्या गाडीत तो बहुधा ‘जीएचएन ३’ने सुरू होईल आणि इंजिनाचा ‘१८ जीबी’ने, आणि वर्षअखेरीची गाडी असेल तर अनुक्रमे ‘जीएचएन ४’ आणि ‘१८ जीडी’ने. पुढचा भाग बदलताना जुना पत्रा पाटीसकट भंगारात गेला आणि मग आरटीओत पेन्सिलने छाप घ्यायला काही उरले नाही, असे प्रसंग मी पाहिले आहेत. पाटी जागेवर आहे का ते पाहा, आरसी बुकातील क्रमांकाशी आकड्याला आकडा लावून पाहा, आणि ती कोणालाही काढू देऊ नका. मुंबईच्या गृहस्थांना तिचा फोटो पाठवण्याचे तर मुळीच कारण नाही. या बाजारात ‘कागदांचे गिऱ्हाईक’ नावाचा एक प्रकार असतो. त्याला गाडी नको असते, मोडक्या गाडीचा नंबर आणि पाटी हवी असते, जी तो कागद नसलेल्या दुसऱ्या गाडीला लावतो. इतर कोणाला फोटो द्यायचाच झाला तर क्रमांकातील शेवटचे तीन-चार आकडे झाकूनच द्या. संपूर्ण क्रमांक समोर बसून पाहणाऱ्यालाच दाखवा.

एवढी तपासणी झाली की तिची नोंद करावी. गाडी फ्लॅटबेडवरून, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवरून, एखाद्या लिफ्ट असलेल्या वर्कशॉपमध्ये नेऊन, खालून-वरून ५०-६० फोटो, मोजमापे आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणांची लेखी अंदाजपत्रके घ्यावीत. अंदाजपत्रकात पत्राकाम, रंगकाम, सुटे भाग आणि यांत्रिक काम वेगवेगळे लिहून घ्यावे. ‘सगळे मिळून इतके’ अशा कागदाचा उपयोग नाही. एमजीबीचे एक बरे आहे. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक गाड्या झाल्या, त्यामुळे तिचे जवळजवळ सर्व भाग आजही तेथे नवे मिळतात आणि त्यांच्या किमती जाहीर आहेत. त्यावर वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी धरला की नाशिकमध्ये पोहोच किंमत निघते. दुर्मीळ गाडीच्या बाबतीत हे शक्य नसते. तुमच्या गाडीचे नुकसान मोजता येण्यासारखे आहे, म्हणूनच ते झाकण्याची गरज नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब. पुढील आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या गाडीचे नव्हेत. समजा, तशाच सालची, चालू आणि कागदपत्रे चोख असलेली गाडी २० लाखांना जाते. दोन अंदाजपत्रकांवरून दुरुस्तीचा खर्च ७.५ लाख निघाला. जुन्या गाडीत काम सुरू केल्यावर काहीतरी निघतेच, म्हणून त्यावर चौथा हिस्सा, साधारण १.९ लाख, अनपेक्षित खर्चासाठी धरला. घेणाऱ्याचा वेळ, अडकलेले पैसे आणि त्याची जोखीम यासाठी २ लाख सोडले. उरतात ८.६ लाख. ही वाजवी किंमत. घासाघिशीला जागा ठेवून १० लाख सांगावेत आणि साडेआठाच्या आसपास सौदा करावा.

आता हाच हिशेब तपासणी न करता मांडून पाहा. घेणाऱ्यालाही अनुभवाने ७.५ लाखांचा अंदाज येतो, पण सिलची, सांगाड्याची, इंजिनाची खात्री नसल्यामुळे तो अनपेक्षित खर्चासाठी चौथा हिस्सा नव्हे, तर तेवढीच संपूर्ण रक्कम पुन्हा धरतो. २० मधून ७.५, पुन्हा ७.५ आणि २ वजा केले की उरतात फक्त ३ लाख. गाडी तीच, नुकसान तेच. साडेपाच लाखांचा फरक केवळ माहितीचा आहे, आणि ती मिळवण्यासाठी लिफ्ट, फ्लॅटबेड आणि दोन दिवसांची मजुरी एवढाच खर्च येतो.

या हिशेबातील सर्वांत निसरडी गोष्ट म्हणजे सुरुवातीचा आकडा, म्हणजे धडधाकट गाडीची किंमत. ऑनलाइन जाहिरातींतील आकडे हे मागणीचे असतात, विक्रीचे नव्हेत. इंग्लंडमधील लिलावांच्या किमती सहज पाहायला मिळतात, पण आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या आयातीवर वर्षानुवर्षे निर्बंध राहिल्यामुळे त्या किमतीत जहाजाचे भाडे मिळवून भारतीय किंमत निघत नाही. मुंबई-पुण्यातील व्हिंटेज व क्लासिक गाड्यांच्या मंडळांतील दोन-तीन जुन्या सदस्यांना भेटून, गेल्या दोन-तीन वर्षांत अशी गाडी प्रत्यक्षात कितीला हस्तांतरित झाली, एवढेच विचारावे. ‘माझ्या गाडीचे किती येतील’ असे विचारू नये. त्याला मनापासून उत्तर कोणी देत नाही, आणि जो देतो त्याला ती घ्यायची असते. तारांच्या स्पोकची चाके आणि ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा गिअरबॉक्सचा जोडभाग) असेल तर त्याचे वेगळे पैसे धरावेत. इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम चेसिस क्रमांकावरून मूळ नोंदीचा दाखला देते, त्यात बांधणीची तारीख, मूळ रंग आणि इंजिन क्रमांक असतो. इंजिन मूळचेच निघाले तर त्या दाखल्याच्या शुल्काच्या कितीतरी पट वसूल होते.

काकांच्या फायलीत अपघाताच्या वेळचा विमा दावा आहे का, हेही शोधा. सर्व्हेअरचा त्या वेळचा अहवाल सापडला तर तो सोन्यासारखा कागद आहे, कारण तो विक्रीसाठी केलेला नसतो. दुरुस्तीचा खर्च विमा घोषित मूल्याच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला म्हणून गाडी ‘टोटल लॉस’ ठरवून पैसे घेतले असतील, तर तेही घेणाऱ्याला लेखी सांगावे लागेल.

कागदांच्या बाबतीत मला तुमच्या पत्रातील एक गृहीतक दुरुस्त करावेसे वाटते. तुम्ही सर्वत्र ‘मी विकतो आहे’ असे लिहिले आहे, पण पुतण्या म्हणून ही गाडी विकण्याचा अधिकार तुम्हाला नाही. काकांनी मृत्युपत्र केले नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुमच्या काकू आणि चुलत बहीण या वारस आहेत. म्हणून काकांचा मृत्यू दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि चुलत बहिणीची लेखी संमती जोडून गाडी नमुना ३१ च्या अर्जाने आधी काकूंच्या नावावर करून घ्यावी लागेल. अर्जाची तीन महिन्यांची मुदत टळून गेली आहे, त्यामुळे विलंबाचा आकार पडेल, पण काम अडत नाही. तीन अक्षरी जुना नंबर असल्याने पंचवटीत पेठ रोडवरील आरटीओत गेल्यावर ती संगणकावर दिसतच नाही असे कळण्याची शक्यता मोठी आहे; तेव्हा मूळ आरसी बुक दाखवून बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या नोंदीची संगणकात भर, करून घ्यावी लागते, आणि त्यात आठवडे जातात. हे काम घेणाऱ्यावर ढकलू नका. अपूर्ण कागद हेदेखील नुकसानच आहे, आणि त्याची वजावट पत्र्याच्या वजावटीपेक्षा मोठी असते. गाडी मुळात भारतात कशी आली, याचा सीमाशुल्काचा किंवा स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या विक्रीचा कागद काकांच्या जुन्या ट्रंकेत असला तर तोही जपून ठेवा.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नव्हे तर प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी त्यात अट आहे. ही नोंदणी विक्रीआधी तुम्ही करण्याची आवश्यकता नाही. तो निर्णय घेणाऱ्याचा. मात्र त्या वाटेने जाण्याची मुभा त्याला राहावी, हेही अर्धवट दुरुस्ती न करण्याचे आणखी एक कारण आहे.

गाडी दाखवताना दिवसा दाखवा, चाक काढलेले असू द्या, आणि तपासणीची नोंद व फोटो पहिल्याच भेटीत समोर ठेवा. अनेकांना हे व्यवहाराच्या विरुद्ध वाटते, पण घासाघीस करणाऱ्याचे निम्मे बळ दोष ‘शोधून काढण्यात’ असते, आणि तुम्हीच ते सांगितले असले की त्याला बोलायला फक्त आकडा उरतो. घाई नसेल तर दिवाळीनंतर विका. हिवाळा हा रॅलींचा मोसम असल्याने शौकीन मंडळी तेव्हा खरेदीच्या मनःस्थितीत असतात. सुटे करून विकण्याचा विचार सगळे मार्ग खुंटल्यावरच करावा, कारण चाके, कार्ब्युरेटर आणि मीटर पटकन जातात आणि कवच मात्र पोर्चमध्ये कायमचे राहते.

सौदा ठरला की विसार बँकेतून घ्या आणि पावतीवर उरलेल्या रकमेची तारीख लिहा. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारणे आयकर कायद्याने निषिद्ध आहे, मग समोरचा कितीही आग्रह करो. स्वतःच्या वापरातील गाडी ही भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यामुळे नफ्यावरील कराची धास्ती बाळगू नये. ती कधी व्यवसायाच्या हिशेबात दाखवली असेल तर मात्र सीएंना विचारा. विक्रीच्या करारात ‘गाडी अपघातग्रस्त असून सोबतच्या तपासणी नोंदीतील सर्व दोष खरेदीदाराने पाहिले आहेत’ असे वाक्य घालून त्या नोंदीच्या प्रत्येक पानावर त्यांची सही घ्या. विमा आणि पासिंग संपलेले असल्याने गाडी फ्लॅटबेडवरच चढवा. ‘हळूहळू ओढत नेतो’ याला नाही म्हणा.

मालकी हस्तांतराच्या नमुना २९ आणि ३० वर काकूंच्या सह्या पूर्ण पैसे खात्यात जमा झाल्यावरच होऊ द्या, आणि कोऱ्या फॉर्मवर तर कधीच नकोत. घेणारा दुसऱ्या राज्यातील असेल तर नमुना २८ ची एनओसी लागेल. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक म्हणून जबाबदार राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघात भरपाईच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे गाडी दारातून गेल्यावरही दर आठवड्याला परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून पाहत राहा, आणि नव्या मालकाचे नाव दिसले की त्या पानाची प्रत काकूंच्या फायलीत लावून ठेवा.